रोजचा गुळवेलीचा काढा आणि पावसाळ्यातला ताप: कुठवर घरी करावं, कुठे थांबावं

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. घरात पाच वर्षांचा मुलगा आहे, बालवाडीत जायला लागल्यापासून सतत सर्दी-खोकला. सासरे अडुसष्टचे, त्यांना मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. जाऊबाई पाच महिन्यांच्या गरोदर. तुम्ही जूनपासून सगळ्यांना रोज सकाळी गुळवेल, तुळस, अडुळसा, ज्येष्ठमध, सुंठ आणि मिरी असा एकच काढा देता. आता कुणीतरी सांगितलंय की काढा चालू असला तर अँटिबायोटिकची गरजच पडत नाही, कुठलंही इन्फेक्शन त्यानेच जातं. म्हणून तुम्ही विचारता की ताप आला तर किती दिवस काढ्यावर थांबायचं.

मी कायचिकित्सेची, म्हणजे आयुर्वेदातल्या औषधोपचारांच्या शाखेची, वैद्य आहे आणि दवाखाना कोकणात आहे. पावसाळ्याचे चार महिने तापाचे रुग्ण बघण्यातच जातात आणि वनस्पती माझ्या रोजच्या वापरात आहेत. म्हणून सांगते, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेत. निरोगी माणसाला रोज काय द्यावं हा एक. ताप चढलेल्या माणसाला काय द्यावं हा दुसरा. एकाच भांड्यातला काढा दोन्हीकडे चालत नाही, आणि एकाच घरातल्या चौघांनाही तो सारखा लागू पडत नाही.

आधी 'प्रतिकारशक्ती वाढवणे' याबद्दल. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात कुठलं शरीर रोगाला तोंड देऊ शकत नाही याचं वर्णन आहे. अतिस्थूल, अतिकृश, नीट पोषण न झालेलं, अपुरं किंवा अहितकर खाणारं, ज्याचं मन खचलेलं आहे असं. तिथे एकाही वनस्पतीचं नाव नाही. रसायन औषधांचा, म्हणजे आयुर्वेदातल्या शरीराला बळ देणाऱ्या औषधांचा, विचार येतो तो स्वतंत्रपणे, माणसाचं वय, पचन आणि प्रकृती बघून. आधुनिक वैद्यकानेही हेच दाखवलंय की प्रतिकारशक्ती ही एकच गोष्ट नाही. ती अनेक पेशींची आणि रसायनांची व्यवस्था आहे आणि ती गरजेपेक्षा जास्त चेतवली तर स्वतःच्याच सांध्यांवर, थायरॉइडवर, यकृतावर उलटते. त्यामुळे झोप, ताजं जेवण, वेळेवर लसी, रक्तातली साखर ताब्यात ठेवणं, हे मी आधी विचारते. काढा त्यानंतर.

तुमच्या मुलाबद्दल फार काळजी करू नका. शाळेत नुकतं जायला लागलेल्या मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं नेहमीचं आहे. पावसाळ्यात एक सर्दी सरते न सरते तोच दुसरी सुरू होते, म्हणून ती सलग वाटते. दोन सर्दींच्या मधे मूल खेळतंय, जेवतंय, वजन-उंची वाढतेय, तर त्याची प्रतिकारशक्ती तिचं काम करतेय. वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला, अंगावर खोल गळवं वारंवार येतात, वजन वाढतच नाही, असं काही असेल तर बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्यायला हवं. तसं नसेल तर त्याला रोजचा कडू काढा पाजण्याची गरज नाही. खोकल्याने रात्री झोप मोडत असेल तर झोपताना चमचाभर मध द्या, त्याने बरं वाटतं. मध उकळत्या पाण्यात किंवा गरम काढ्यात घालू नका. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको, बोटाला लावून चाटवायलाही नको. त्यात कधीकधी बॉट्युलिझम या विषबाधेच्या जंतूंची बीजं असतात आणि ती तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढू शकतात. वाफ देताना उकळत्या पाण्याचं पातेलं मुलापुढे ठेवून चादर पांघरू नका. भाजलेली मुलं मी पाहिली आहेत.

आता गुळवेल. ती माझ्या आवडीची वनस्पती आहे, म्हणूनच तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. जुन्या तापात, तापानंतरच्या कडवट तोंडात आणि मंद भुकेत मी ती वर्षानुवर्षं वापरतेय. पण २०२० मध्ये, कोविडच्या काळात, घरोघरी ती रोज प्यायली जाऊ लागली आणि त्यानंतर काही गोष्टी समोर आल्या. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यानंतर त्यांना कावीळ झाली होती आणि यकृताला सूज आली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला की वापरलेली वेल खरंच गुळवेल होती का हे तपासलेलं नाही. आक्षेप रास्त होता, कारण टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची तिची भावंड-वेल दिसायला जवळची आहे. पण २०२२ मध्ये देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची माहिती मांडली, आणि ओळख पटवलेल्या गुळवेलीनेही असं होऊ शकतं असं त्यातून दिसलं. बऱ्याच जणांमध्ये यकृताला झालेली इजा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने यकृतावर हल्ला केल्यासारखी होती. काहींना आधीपासून थायरॉइड किंवा मधुमेह होता. बहुतेकांना औषध थांबवल्यावर आराम पडला, पण सगळ्यांना नाही.

लाखो लोक गुळवेल घेतात आणि त्यांना काहीही होत नाही, हेही तितकंच खरं. कुणाला त्रास होईल हे आधीपासून सांगता येत नाही, म्हणून माझा व्यवहार मी असा ठेवलाय. कारण असेल तरच गुळवेल, तीही दोन-तीन आठवडे, मग बंद. सांधेवात, सोरायसिस, ल्युपस (यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते), थायरॉइडचा प्रतिकारशक्तीशी निगडित आजार, पूर्वी कावीळ झालेली, रोज दारू घेणारा, अवयव प्रत्यारोपण झालेला, यांना देत नाही. घेत असताना भूक एकदम मेली, अंगाला खाज सुटली, लघवी चहाच्या रंगाची झाली, डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी बंद करून यकृताची रक्ततपासणी.

आणि वेल ओळखून घ्या. बाजारात 'गुळवेल' म्हणून कापलेले वाळके तुकडे मिळतात, त्यात काहीही असू शकतं. खऱ्या गुळवेलीच्या बोटाएवढ्या जाड खोडावर पातळ पापुद्रा असतो. नखाने सोलला की आत हिरवट भाग दिसतो. आडवा काप घेतला तर मध्यापासून कडेकडे पसरणाऱ्या रेषा दिसतात. पानं हृदयाच्या आकाराची, गुळगुळीत. फांदीवरून बारीक, लांबच लांब मुळं खाली सुटलेली असतात. क्रिस्पाच्या खोडावर जागोजाग चामखिळीसारखे उंचवटे असतात, हात फिरवला की लगेच कळतं. गुळवेल सत्त्वाच्या, म्हणजे वेलीतून काढलेल्या पांढऱ्या पिठाच्या, नावाखाली साधा मैदा किंवा बटाट्याचा स्टार्च मिळण्याचं प्रमाण मोठं आहे. खरं सत्त्व काढायला ढीगभर ताजी वेल लागते, त्यामुळे ते कधी स्वस्त नसतं.

सासऱ्यांच्या बाबतीत मी सगळ्यात जास्त सावध राहीन. त्यांच्या काढ्यातलं ज्येष्ठमध आजच काढा. त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम कमी होतं आणि रक्तदाब चढतो. घशासाठी कधीतरी कांडी चघळणं वेगळं, रोज काढ्यातून पोटात जाणं वेगळं. गुळवेलीने रक्तातली साखर थोडी उतरते, त्यामुळे साखरेच्या गोळीबरोबर ती खाली घसरू शकते. काढा सुरू केल्यापासून त्यांना घाम येतो, थरथरतं, असं काही झालंय का विचारा. मिरीबद्दलही सांगते. स्वयंपाकातली मिरी बिनधोक आहे. पण मिरीतलं पायपेरिन बऱ्याच औषधांचं शोषण वाढवतं. जम्मूतल्या सरकारी प्रयोगशाळेने याच गुणाचा उपयोग करून क्षयरोगाची एक कॅप्सूल तयार केली, त्यात पायपेरिन घातल्यामुळे रिफॅम्पिसिन ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम पुरतं. औषधावर परिणाम इतका मोठा असू शकतो. म्हणून रक्त पातळ करणारी गोळी, फिट्सची गोळी चालू असलेल्याला मी काढ्यातून रोज मिरी-पिंपळी देत नाही, आणि हळदीच्या कॅप्सूलही नाहीत.

आणखी एक गोष्ट मधुमेहाच्या घरात हमखास दिसते. खोकल्याला सितोपलादी चूर्ण, मधात कालवून, दिवसातून तीनदा. सितोपलादीतल्या घटकांचं प्रमाण बघा: खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलदोडा २, दालचिनी १. एकूण ३१ भागांतले १६ साखर, त्यावर मध. च्यवनप्राशही साखरेच्या पाकात शिजतो. सासऱ्यांची साखर पावसाळ्यात वाढते असं तुम्ही लिहिलंय, त्याचं उत्तर कदाचित कपाटातल्या या दोन डब्यांत असेल.

जाऊबाईंचा काढा पूर्ण बंद करा. अडुळशातल्या व्हॅसिसिनने गर्भाशय आकुंचन पावतं, त्यामुळे गरोदरपणात अडुळसा नको. खोकला झाला तर कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मध आणि ताप असेल तर त्यांच्या डॉक्टरांना फोन. गरोदरपणातल्या तापाला घरी वाट बघायची नसते.

आता तापाचा प्रश्न. इथे माझं उत्तर मोजक्या शब्दांत देता येत नाही, कारण ताप कोणाला आलाय, कुठे राहतो, काय काम करतो यावर सगळं ठरतं. नाक गळतंय, घसा खवखवतोय, अंग कसकसतंय, ताप शंभर-एकशे एक, आणि माणूस तरुण, निरोगी आहे. असा ताप बहुधा विषाणूचा. त्याला अँटिबायोटिक लागत नाही, दिलं तरी उपयोग नाही. इथे एक दिवस हलकं खाणं, भाताची पेज, मुगाचं कढण आणि भरपूर पाणी. मी षडंगपानीय देते. नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन, सुगंधी वाळा आणि सुंठ घालून उकळलेलं पाणी दिवसभर घोट घोट प्यायचं. नव्या तापात लगेच जोरदार औषधं देऊ नयेत, आधी लंघन (उपास किंवा हलकं खाणं), मग पाचन (पचन सुधारणारी औषधं), हे ग्रंथांतही आहे. पॅरासिटामॉल घ्यायला माझी काहीच हरकत नसते. मात्र सासऱ्यांना लंघन करायला लावू नका. साखरेची गोळी घेऊन उपाशी राहिलं तर साखर धोकादायक उतरते.

पण पावसाळ्यात ताप म्हणजे फक्त सर्दी-पडसं नसतं. माझ्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये भातलावणी करून आलेला माणूस येतो. पायांच्या बोटांमध्ये चिखल्या, टाचेला चिरा. डोळे लाल, पण चिपडं नाहीत. पोटऱ्या हाताने जरा दाबल्या तर कळवळतो. त्याला मी 'तीन दिवस काढा घेऊन बघा' असं सांगत नाही. तो लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांच्या वगैरे लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा जीवाणूंचा ताप, असू शकतो आणि डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक वेळेत सुरू झालं तर माणूस वाचतो, उशीर झाला तर मूत्रपिंडं आणि फुप्फुसं धोक्यात येतात. मुंबईत २६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोची मोठी साथ आली होती, त्यामुळे हा फक्त शेतकऱ्यांचा आजार नाही. तुंबलेल्या पाण्यातून चालत घरी आलेल्या माणसालाही तो होतो. विदर्भात २०१८ मध्ये स्क्रब टायफसची, म्हणजे गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्याने होणाऱ्या तापाची, साथ आली. त्यात काखेत, जांघेत, कमरेला काळी खपली दिसते, सिगारेटचा चटका दिल्यासारखी. तिथेही डॉक्सिसायक्लिनच. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात माकडताप, म्हणजे गोचिडांमुळे होणारा विषाणूचा ताप, आहे. मलेरिया आणि डेंग्यू तर सगळीकडेच. या सगळ्यांची सुरुवात सारखीच असते: ताप, डोकेदुखी, अंगदुखी.

म्हणून तुमच्या प्रश्नातल्या 'किती दिवस' याचं माझं उत्तर असं. सासरे, जाऊबाई, आणि कुठलंही लहान मूल जे नीट पीत नाही किंवा मलूल पडलंय, त्यांना एक दिवसही नाही, त्याच दिवशी दाखवा. तुम्ही आणि तुमचे यजमान, इतर काही आजार नसतील तर, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी ताप असेल तर रक्त तपासा: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), मलेरिया, डेंग्यूची एनएस-वन ही तपासणी. एनएस-वन पहिल्या पाच दिवसांतच भरवशाची असते, म्हणून उगाच आठवडा घालवू नका. थंडी वाजून हुडहुडी भरली, धाप लागली, लघवी कमी झाली, बडबड सुरू झाली, मान आखडली, तर दिवस मोजूच नका.

डेंग्यूबद्दल पपईच्या पानांचा रस विचारला जातोच. काही अभ्यासांत पपईच्या पानांच्या अर्काने प्लेटलेट थोड्या लवकर वाढल्याचं दिसलं आहे. पण डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुधा प्लेटलेट कमी झाल्यामुळे नाही, तर रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपून रक्तदाब पडल्यामुळे. आणि हे होतं साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरत असताना, जेव्हा घरच्यांना वाटतं आता बरं झालं. पोटात सतत दुखणं, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार, फार गळून जाणं, यांपैकी एक जरी दिसलं तरी रुग्णालय. पानांच्या कडू रसाने उलट्या वाढून पाणी कमी होतं ते वेगळंच. डेंग्यूची शंका असेल तोवर ब्रुफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने घेऊ नका.

'काढ्याने कुठलंही इन्फेक्शन जातं' हे तुम्हाला ज्यांनी सांगितलं, ते बहुधा प्रयोगशाळेतल्या बातम्यांवर बोलत असावेत. तुळशीच्या अर्काने काचेच्या तबकडीतले जीवाणू मरतात, हे खरं आहे. पण तबकडीत जितका अर्क ओतला जातो तितकी मात्रा काढा पिऊन रक्तात पोचत नाही. वनस्पतीपासून संसर्गाचं औषध मिळू शकतं, पण कसं, हे चीनच्या तू यूयू यांच्या कामात दिसतं. चौथ्या शतकातल्या एका चिनी ग्रंथात तापावर छिंगहाव ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितलं होतं. उकळून नव्हे. त्यावरून त्यांना सुचलं की उष्णतेने गुण जात असावा. त्यांनी कमी तापमानावर ईथरने अर्क काढला, त्यातून आर्टेमिसिनिन मिळालं आणि मलेरियाचा उपचार बदलला. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आज आर्टेमिसिनिनची औषधंही एकटी देत नाहीत, दुसऱ्या औषधाबरोबर देतात, नाहीतर परजीवी त्याला सरावतो. त्याच वनस्पतीचा चहा पिऊन मलेरियावर उपचार करू नयेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपला अडुळसाही मागे नाही. खोकल्याच्या अनेक सिरपांत असणारं ब्रोमहेक्सिन हे अडुळशातल्या व्हॅसिसिनवरून घडवलेलं औषध आहे. आपल्या वनस्पतींचा मला अभिमान आहे तो अशा कामासाठी.

एक गोळी मात्र आवर्जून सांगायला हवी, कारण ती महाराष्ट्रात औषधाच्या दुकानात सर्दी-तापावर सहज मागितली जाते: त्रिभुवनकीर्ती रस. नावात 'रस' आहे म्हणून ती फळाच्या रसासारखी निरुपद्रवी नाही. तिच्यात शोधित हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं खनिज, आणि शोधित वत्सनाभ, म्हणजे बचनाग असतो. योग्य रुग्णात, योग्य मात्रेत ती चांगलं काम करते. पण मुलाला, गरोदर बाईला, हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला घरच्या घरी देऊ नका. आणि कुणी बिनलेबलाच्या पुड्या दिल्या आणि एका दिवसात जादूसारखा आराम पडला, तर त्यात स्टिरॉइड मिसळलेलं असण्याची शंका घ्या.

मग काढा कुठे द्यायचा? आजार उतरल्यावर उरतो तो कोरडा, चिवट खोकला, तिथे अडुळसा उत्तम. ताप जाऊन आठवडा झाला तरी तोंडाला चव नाही, तिथे थोडे दिवस गुळवेल, सुंठ. पावसात भिजून आल्यावर गवती चहा, आलं, तुळशीची चार पानं, यात निरोगी माणसाचं सहसा नुकसान नाही. २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने सुचवलेला काढाही बघा: तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २, मिरी १, आणि तीन ग्रॅम चूर्ण दीडशे मिलिलिटर पाण्यात. इतका सौम्य. लोकांनी घरी मूठमूठ घालून आटवला आणि पोटात आग, तोंडात फोड घेऊन दवाखान्यात आले. ऑक्टोबर हीटमध्ये सुंठ-मिरीचा काढा पित्त प्रकृतीच्या माणसाला नकोच.

तुमच्या घरापुरतं मी असं करीन. जाऊबाईंचं सगळं बंद. सासऱ्यांचा काढा बंद, साखर आणि रक्तदाब आठवडाभर रोज मोजून वहीत लिहा, आणि जूनपासून गुळवेल चालू आहे म्हणून एकदा यकृताच्या तपासण्या करून घ्या. त्यांनी फ्लूची लस घेतली नसेल तर डॉक्टरांना विचारा. मुलाला फक्त मध आणि रात्रीची पुरेशी झोप. तुम्हा दोघांना हवा तर गवती चहा.

आणि कुठल्याही डॉक्टरांकडे जाल तेव्हा गोळ्यांच्या पाकिटांबरोबर काढ्यातल्या जिन्नसांची यादीही न्या. ते 'घरगुतीच आहे' म्हणून सांगायचं राहून जातं. सासऱ्यांच्या गोळ्यांची नावं इथे लिहिलीत तर कुठली वनस्पती कुठल्या गोळीबरोबर नको हे मी नेमकं सांगू शकेन, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का ते आधी बघून कळवा.